एक चंद्रकळा, तीन पिढ्या

(मंडळाच्या मागील गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘काळी साडी आणि तिचा साज’ असं वाचून दोघा-तिघांनी फोन केला, की छपाईत काहीतरी चूक झाली आहे. चूक नाही. मी डिप्लोमा केलेला सरकारी उपयंत्री. नाल्या, रपटे आणि शाळांच्या खोल्या यांची मापं लिहिण्यात माझी नोकरी चालली आहे. पण आमच्या घरी महालक्ष्म्यांना साडी नेसवायचं काम गेली अनेक वर्षं माझ्याकडे आहे. निऱ्या बसवायच्या, पदर काढायचा, कमरपट्टा आवळायचा. त्यामुळे टाचणी कुठे लावायची आणि कुठे नाही, एवढं मला कळतं.

संक्रांत अजून चार महिने लांब आहे, म्हणजे तयारीला वेळ आहे. म्हणून आज चंद्रकळेबद्दल बोलतो. काळं लुगडं, त्यावर चंद्र-चांदण्यांसारखी बुट्टी आणि लाल किंवा जरीचा काठ. जानेवारीच्या थंडीत काळा रंग ऊन धरून ठेवतो, म्हणून संक्रांतीला काळं नेसायचं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

1926 मध्ये अमेरिकेच्या ‘व्होग’ मासिकानं पॅरिसच्या कोको शनेल यांच्या साध्या काळ्या झग्याचं चित्र छापलं आणि त्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी केली. अर्थ असा, की हा कपडा सगळ्याजणी घालतील. कपडा एकच ठेवायचा. गळ्यातलं, कमरेचं आणि खांद्यावरचं बदलायचं. आमच्या घरात एकाच चंद्रकळेनं हेच काम तीन पिढ्या केलं.

ही चंद्रकळा माझ्या आईची. लग्नानंतर सौसरहून छोट्या गाडीनं नागपूरला जाऊन इतवारीत घेतलेली. पहिल्या संक्रांतीला तिच्यावर हलव्याचे दागिने आले. ते माझ्या आजीनं घरीच केले होते. शेगडीवर मंद आचेवर परात, परातीत तीळ आणि साबुदाणा, आणि वरून थेंबाथेंबानं साखरेचा पाक. हात सतत फिरता ठेवायचा. हवा कोरडी आणि गार असेल तरच हलव्याला काटा येतो. हार, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं पांढरंशुभ्र. काळ्यावर पांढरं जसं उठतं, तसं दुसऱ्या कशावर उठत नाही.

पुढे ती साडी माझ्या बायकोकडे आली. तेव्हा माझी बदली हिंदी भाषिक जिल्ह्यात होती. शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या, “भाभीजी, त्योहार के दिन काला?” इथल्या किती घरांनी हा प्रश्न ऐकला असेल! 1956 साली नागपूर तिकडे गेलं, आपला छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, तरी ऑफिसातल्या फायली हिंदीतच. बायकोनं वाद घातला नाही. खांद्यावर रुंद लाल शेला घेतला, गळ्यात मोत्यांचा तन्मणी घातला आणि तिळगूळ घेऊन काकूंकडे गेली. नजर आधी लालवर पडते, काळं मागे राहतं.

आणि गेल्या संक्रांतीला नागपूरला शिकणाऱ्या माझ्या मुलीनं तीच साडी पांढऱ्या शर्टावर नेसली. पदर खांद्यावरून पुढे सोडला आणि कमरेला पट्टा बांधला. माझा ऑफिसचा पट्टा शोधत मी अर्धा तास घरभर फिरलो, तो तिच्या कमरेला सापडला! पण मान्य करतो, पट्ट्यामुळे निऱ्याही हलल्या नाहीत आणि पदरही घसरला नाही. हातात चांदीचं एकच कडं.

या तिघींकडून मी जे शिकलो ते सांगतो. काळ्या साडीवर ठसठशीत गोष्ट एकच घ्यावी. शेला भरजरी असेल तर गळ्यात बारीक सर पुरे. कमरपट्टा मोठा असेल तर शेला घेऊ नये. लाल काठावर सोन्याची ठुशी खुलते, बिनकाठाच्या साडीवर चांदी. हलव्याचे दागिने घालायचे असतील तर साडी सुती असावी. जाळीच्या कापडात काटे अडकतात. घामानं हलवा विरघळतो, म्हणून दागिने अगदी शेवटी घालावेत, आणि उतरवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, नाहीतर सकाळी मुंग्या हजर. बोरन्हाणाला बाळाच्या अंगावरचा हलवा त्याच्या तोंडात जाणार नाही याकडे एकीनं लक्ष ठेवावं. पुरुषांनीही काळ्या कुडत्यावर जरीकाठी उपरणं घेऊन पाहावं, शोभतं.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते बोलतो. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आईनं चंद्रकळा अंगाला लावली नाही. सुनेला दिली, नातीला दिली. आणि आमच्याकडे हळदी-कुंकू असलं की ती आत स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत बसायची. गेल्या वर्षी मुलगी पट्टा बांधता बांधता म्हणाली, “आजी, साडी तुझी. मग आम्ही बाहेर आणि तू आत, असं का?” आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. अकरा वर्षं घरातला कर्ता म्हणवून घेतो, पण हा प्रश्न मला पडला नव्हता, याची लाज वाटली.

वर्षभर टाळलेला काळा रंग त्या एका दिवशी शुभ होतो आणि ज्या बाईची ती साडी, ती मात्र त्याच दिवशी अशुभ? हा हिशोब माझ्या कोणत्याच मापवहीत बसत नाही.

आईनं चंद्रकळा नेसायला नकार दिला. तिची इच्छा. पण बायकोनं तो लाल शेला तिच्या खांद्यावर घातला, तिला बैठकीत आणून बसवलं आणि पहिलं वाण तिच्या हातात दिलं. एक-दोघी लवकर उठून गेल्या, हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एक मावशी दारात उभ्या राहिल्या आणि हळूच विचारून गेल्या, “पुढच्या वर्षी मलाही बोलवाल का?”

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. तो आदेश आपल्या मध्य प्रदेशात लागू नाही. पण आपण सणवार तिकडचे पाळतो, तर ही चांगली गोष्टही घेऊ या. त्यासाठी शासनाच्या पत्राची वाट कशाला पाहायची?

माझी मंडळाला एकच विनंती आहे. जानेवारीतल्या हळदी-कुंकवाच्या निमंत्रणात ‘सर्व सुवासिनींना’ असं असतं, तिथे ‘सर्व महिलांना’ असं छापा. एका शब्दाचा फरक आहे, छपाईचा खर्च तेवढाच. आणि पहिलं वाण त्या मावशींना द्या. मी त्यांना तसा शब्द देऊन आलो आहे.



गणपती बाप्पा मोरया!