गेरूला चुंबक का धरत नाही?

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या बाया. एरवी या वेळेला तुमच्याशी बोलतो ते कर्जफेडीवर, शेळीपालनावर, मोहाच्या लाडवांवर. आज 28 फेब्रुवारी, विज्ञान दिन, म्हणून बोलणार आहोत भौतिकशास्त्रावर. हसू नका. आमच्यातल्या बहुतेकींचं विज्ञान दहावीलाच सुटलं. पण हा विषय आमच्यापर्यंत पुस्तकातून आला नाही, तो गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागणीतून आला.

झालं असं की एका ताईंनी मुलीच्या एमएस्सीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं, वीस हजार रुपये. गटाने आजवर बियाण्याला, दवाखान्याला, शिलाई मशीनला कर्ज दिलं, लग्नालाही दिलं. एमएस्सीला कोणी मागितलं नव्हतं. एक जुन्या सदस्य म्हणाल्या, "नर्सिंग असतं, डीएड असतं तं समजलं असतं. हे फिजिक्स शिकून पोरगी का करन जी?" प्रश्न चुकीचा नव्हता. पैसा सगळ्यांचा आहे, विचारायचा हक्कही सगळ्यांचा. मग ठरलं, पुढच्या बैठकीला मुलीनेच येऊन सांगावं.

ती आली ती गेरूची पुडी आणि जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन. कागदावर लोहाराकडचा लोखंडाचा कीस टाकला आणि खालून चुंबक फिरवलं. कीस उभा राहून नाचू लागला. मग दुसऱ्या कागदावर गेरू टाकला. चुंबक फिरवलं, गेरू जागचा हलला नाही.

"यात लोखंड नाही?" तिने विचारलं. आम्ही म्हटलं, नसेल. ती म्हणाली, आहे. तुळशीवृंदावनाला आणि भिंतीला आपण जो गेरू लावतो, त्याचा लाल रंग हेमेटाइट नावाच्या खनिजाचा. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरात जो लोहदगड आहे, तोही हेमेटाइटच. शुद्ध हेमेटाइटमध्ये वजनाने सुमारे 70 टक्के लोखंड असतं. त्या डोंगराबद्दल आपल्याकडे वेगवेगळी मतं आहेत, आज त्यात जात नाही. पण इतकं लोखंड असून चुंबक का धरत नाही, हा प्रश्न आमच्यातल्या एकीलाही आयुष्यात पडला नव्हता.

तिने जे सांगितलं ते आम्ही नंतर पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं. आमच्या भाषेत सांगतो.

लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारीकसं चुंबक. साध्या लोखंडात ही बारकी चुंबकं शेजारी-शेजारी एकाच दिशेला तोंड करून असतात, म्हणून त्यांचं बळ एकवटतं. हेमेटाइटमध्ये अणूंचे थर असतात. एका थराची चुंबकं एका दिशेला, त्याच्या पुढच्या थराची बरोबर उलट दिशेला. एकाने ओढायचं, दुसऱ्याने ताणायचं, हिशेब जवळजवळ शून्य. किंचित कल उरतो, म्हणून फार जोरदार चुंबकाला थोडी ओढ जाणवते, एवढंच.

आता अणू तर डोळ्याला दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही नाही. मग थर उलटसुलट आहेत हे कळलं कसं? इथेच या विद्येची खरी युक्ती आहे. जे दिसत नाही त्याच्यावर काहीतरी सोडायचं आणि ते कोणत्या दिशांना विखुरतं ते मोजायचं. याला म्हणतात विकिरण.

याचा प्रयोग तुम्ही आज रात्री घरी करू शकता. काळी छत्री उघडा आणि तिच्या कापडातून दूरवरच्या एका बारीक दिव्याकडे पाहा. एका दिव्याच्या जागी ठिपक्यांची चौकट दिसेल, थेट ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. छत्री फिरवली की चौकटही फिरते. मग बारीक विणीची नायलॉनची ओढणी घेऊन पाहा. वीण जितकी बारीक, तितके ठिपके एकमेकांपासून लांब. म्हणजे धागा न मोजता, नुसत्या ठिपक्यांवरून विणीचा अंदाज येतो. आरमोरी-नागभीडकडच्या कोसा विणणाऱ्या बायांना हे सांगायला नको, वीण म्हणजे काय ते त्या बोटांनी ओळखतात.

अणूंची वीण मात्र फार बारीक, मिलिमीटरभर जागेत लाखो अणू. तिथे दिव्याचा उजेड चालत नाही, क्ष-किरण लागतात. आणि अणूंमधली चुंबकं पाहायची तर न्यूट्रॉन लागतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो पदार्थात खोलवर शिरतो. शिवाय तो स्वतः बारीक चुंबक असतो, म्हणून आतल्या चुंबकांची दिशा त्याला जाणवते. 1951 साली अमेरिकेत क्लिफर्ड शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच करून दाखवलं. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत हेमेटाइटही होतं. आपल्या गेरूतलं खनिज! शल यांना 1994 साली बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्यासोबत नोबेल मिळालं.

हे सगळं परदेशातच होतं असं समजू नका. मुंबईला तुर्भ्यात 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. पी. के. अय्यंगार कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याकडे काम शिकून आले आणि त्यांनी तुर्भ्यात न्यूट्रॉन विकिरणाचं काम उभं केलं. 1985 साली तिथेच ध्रुव अणुभट्टी आली. तिच्याभोवतीच्या उपकरणांवर देशातल्या विद्यापीठांतले विद्यार्थी आपापले नमुने घेऊन येतात. आणि आजचा विज्ञान दिन तरी कशाचा? 1928 साली याच तारखेला सी. व्ही. रामन यांनी उजेडाच्या विकिरणातला नवा परिणाम जाहीर केला, त्याचा. हेच रामन तरुणपणी सरकारी नोकरीत काही काळ आपल्या नागपूरला होते.

विद्यापीठातलं काम ऐकून तर आमच्या बाया खुलल्या. पावडरी काट्यावर अचूक तोलायच्या, अकीक दगडाच्या खलात तासन्‌तास घोटायच्या, भट्टीत भाजायच्या, पुन्हा घोटायच्या, पुन्हा भाजायच्या. एक ताई म्हणाल्या, "हे तं मसाल्याचंच काम हाय." पण एका चिमटीची चूक झाली तर पदार्थ दुसराच होतो. मग क्ष-किरणांनी तपासायचं, हवा होता तोच पदार्थ झाला का.

अशा काही पदार्थांना क्वांटम पदार्थ म्हणतात. त्यांच्यात असंख्य इलेक्ट्रॉन मिळून असं काही करतात, जे एकट्याला जमत नाही. काही पदार्थ खूप थंड केले की वीज वाहायला जराही अडथळा करत नाहीत. दवाखान्यातल्या एमआरआय मशीनमधलं मोठं चुंबक अशाच तारेचं असतं. एकीला नाही, मिळून जमतं, ही गोष्ट गटातल्या बाईला वेगळी समजवावी लागत नाही.

आणि हे बायांचं काम नाही असं कोणी म्हणालं, तर पूर्णिमा सिन्हा यांचं नाव सांगा. कोलकात्यात सत्येंद्रनाथ बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी महायुद्धानंतर भंगारात निघालेल्या लष्करी सामानातून क्ष-किरणांचं उपकरण उभं केलं. तपासली काय? माती! वेगवेगळ्या प्रकारच्या मातीची आतली रचना.

आता कर्जाचं सांगतो. मुलीने नोकरीची खात्री दिली नाही. ती म्हणाली, "शिकवता येईल, प्रयोगशाळेत काम मिळू शकेल, पण लगेच मिळेलच असं मी म्हणणार नाही." हे तिचं खरं बोलणं आम्हाला आवडलं. कर्ज मंजूर झालं. दोघींनी हरकत घेतली, तीही इतिवृत्तात लिहिली आहे. त्यांचं म्हणणं असं, की उद्या आणखी चार मुली आल्या तर पैसा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी शिक्षणाची वेगळी बचत सुरू करावी का, हे पुढच्या बैठकीत ठरेल. तुमच्या गटातही विषय काढा.

आमची कर्जाची वही जुनी आहे. तिच्यात 'लग्न' हा शब्द पानोपानी सापडतो. 'एमएस्सी' हा शब्द आम्ही यंदा पहिल्यांदा लिहिला.

आज रात्री मुलींना घेऊन अंगणात या, छत्री उघडा, दूरचा दिवा पाहा. त्या विचारतील, असं का दिसते? उत्तर येत नसेल तर "मले नाही माहीत, तू शिकून सांग," असं म्हणा.