स्वस्त साखळी-करवत : भरंवसा आणि मोल

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूच्या ज्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या, त्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. पोफळी मोडल्या, माड उपटले गेले, आंब्याफणसांचीं जुनीं झाडें घरांवर आणि रस्त्यांवर पडलीं. वारा ओसरल्यावर बागायतदारापुढें पहिला प्रश्न उभा राहिला तो नव्या लागवडीचा नव्हे. पडलेलें झाड दारांतून हलवावें कसें, हा. वीज बंद होती. कुऱ्हाड चालविणारीं माणसें गांवांत थोडींच उरलीं होतीं. अशा वेळीं ज्याच्याजवळ पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत होती, त्याला उसंत म्हणून मिळाली नाहीं. पुढील वर्षीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ वादळानें रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांना हाच धडा पुन्हां दिला.

तेव्हांपासून ही करवत, जिला बाजारांत चेनसॉ म्हणतात, कोंकणांत पुष्कळ घरांच्या पडवींत कोयत्याशेजारीं येऊन बसली आहे. आणि तेव्हांपासूनच एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. दुकानांत सारख्याच आकाराच्या दोन करवती शेजारींशेजारीं मांडलेल्या असतात. एकीची किंमत पांचसहा हजार रुपये, तर दुसरीची तिच्या तिप्पट-चौपट. स्वस्तांतली घेतली तर पैसे पाण्यांत जातील काय? या प्रश्नाचा विचार आज आपणांबरोबर करावयाचा आहे.

प्रथम हें यंत्र मुळांत काय आहे तें थोडक्यांत पाहूं. जर्मनींत आन्द्रेआस स्टील यांनीं १९२६ मध्यें विजेवर चालणारी, आणि १९२९ मध्यें पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती पेलावयास दोन माणसें लागत. एका माणसास वापरतां येईल अशी पेट्रोलची करवत त्यांच्या कारखान्यांतून १९५० मध्यें बाहेर पडली. तिचें वजन १६ किलो होतें. आजची घरगुती करवत पांचसहा किलोंची असते. एक लहान टू-स्ट्रोक एंजिन, एक लोखंडी पट्टी, आणि तिच्याभोंवतीं फिरणारी दातेरी साखळी, एवढाच तिचा संसार. ही रचना आतां कोणाची गुप्त विद्या राहिलेली नाहीं. म्हणूनच ती स्वस्तांत बनूं शकते.

मग किंमत उतरते ती कोठें? साखळीचें पोलाद हलकें असतें, पट्टी लवकर झिजते, हातांना बसणारे हादरे शोषून घेणारीं रबरें व स्प्रिंगा कमी प्रतीच्या असतात, आणि कारखान्यांतील तपासणी ढिली असते. त्यामुळें एकाच खोक्यांतल्या दोन करवती सारख्या निघतीलच असें नाहीं. एंजिनच्या आकाराचा जो आंकडा अंगावर छापलेला असतो, तोही कित्येकदां फुगविलेला असतो. त्यावर भाळूं नये. एवढें जाणून घेतल्यावर मुख्य मुद्द्याकडे वळूं.

यंत्राचा भरंवसा आपण एकच समजतों. या यंत्राच्या बाबतींत तो दोन प्रकारचा आहे. पहिला भरंवसा असा कीं, दोरी ओढल्यावर तें सुरू व्हावें. दुसरा असा कीं, थांबावयास हवें त्या क्षणीं तें थांबावें. स्वस्त करवतीची निंदा किंवा स्तुति करणारे लोक बहुधा पहिल्याविषयींच बोलतात. खरें मोल दुसऱ्यांत आहे.

पहिला भरंवसा पुष्कळसा मालकाच्या हातीं असतो. माझ्या शेजारच्या एका वाडीवाल्यानें वादळानंतर अशी एक स्वस्त करवत घेतली. दोन दिवस तिनें माडामागून माड कापले. तिसऱ्या दिवशीं ती जी बसली ती बसलीच. “स्वस्ताचा माल, दुसरें काय होणार!” असें म्हणत ते ती मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीनें एंजिन उघडलें, तों दट्ट्यावर उभे ओरखडे. दुकानदारानें तेल मिसळून दिलेलें पेट्रोल दोन दिवसांत संपलें होतें, आणि तिसऱ्या दिवशीं या गृहस्थांनीं मोटारसायकलमधलें कोरें पेट्रोल ओतलें होतें! टू-स्ट्रोक एंजिनास निराळें वंगण नसतें. इंधनांत मिसळलेल्या तेलावरच त्याचे प्राण. चौपट किंमतीच्या करवतीचीही तीच गत झाली असती.

तेव्हां पहिला नियम असा कीं, पुस्तिकेंत सांगितलें असेल त्याच मापानें तेल मिसळावें. कांहीं करवतींना एका लिटरला २० मिलिलिटर तेल पुरतें, तर पुष्कळशा स्वस्त करवतींना ४० मिलिलिटर लागतें. अंदाजानें ओतूं नये, मापानें ओतावें. दुसरा नियम सांठवणीचा. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलें जातें, आणि २०२५ मध्यें तें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें. तसलें इंधन पावसाळाभर टाकींत राहिलें कीं रबराच्या नळ्या आणि कार्बुरेटरमधील नाजूक पडदे खराब होतात. “गेल्या वर्षीं चालत होती, यंदा सुरूच होत नाहीं,” या तक्रारीचें मूळ बहुतेक वेळां येथें असतें. काम संपतांच टाकी रिकामी करावी, मग एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें, आणि नंतरच तें ठेवून द्यावें.

तिसरा नियम साखळीचा. अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स नांवाचे एक लांकूडतोडे होते. लांकूड पोखरणारी एक अळी डावीउजवीकडे आलटून पालटून कशी कुरतडते, हें त्यांनीं १९४६ मध्यें बारकाईनें पाहिलें, आणि त्यावरून साखळीला तसेच डावेउजवे दात बसविले. आज बहुतेक सर्व करवतींवर त्याच धर्तीची साखळी असते. हे दात तिखट असतील तोंवर करवत आपल्या ओझ्यानेंच लांकडांत उतरते व ढलप्या उडविते. ढलप्यांऐवजीं पिठासारखा भुसा पडूं लागला कीं दात बोथट झाले असें समजावें. मग माणूस जोर करतो, एंजिन तापतें, पट्टी जळते, आणि दोष मात्र यंत्राच्या किंमतीवर येतो. आपल्याकडे ही पाळी फार लवकर येते; कारण माडाच्या बुंध्याचा बाहेरचा भाग कठीण व तंतुमय असतो, आणि वाळूंत पडलेल्या खोडाची साल रेतीनें भरलेली असते. करवतीच्या किंमतींत कोठें भर घालावयाची असेल, तर ती एका चांगल्या जादा साखळीची व योग्य जाडीच्या गोल कानशीची घालावी. ०.३२५ इंचाच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. पेट्रोलची टाकी भरतांना साखळीच्या तेलाची टाकीही दर वेळीं भरावी, हें निराळें सांगावयास नको.

आतां पैशाचा हिशेब. उदाहरणादाखल असें धरूं कीं, एक करवत ६ हजारांची व दुसरी २४ हजारांची आहे. वाडीचा मालक वर्षाकांठीं १२ तास करवत चालवितो. पांच वर्षांत ६० तास झाले. पहिलीचा ताशीं भार १०० रुपये पडला, दुसरीचा ४००. येथें स्वस्त करवत घेणारा शहाणाच ठरतो. परंतु ज्याचें पोटच लांकूड तोडण्यावर आहे, तो तेवढे तास महिन्याभरांतच पुरे करतो. त्याची स्वस्त करवत अल्पावधींतच खिळखिळी होईल. दुरुस्ती, खोळंबा आणि हादऱ्यांनीं बधिर होणारीं बोटें यांची किंमत जमेस धरली तर त्याला महाग करवतच स्वस्त पडते. आणि ज्याला दोन वर्षांत एखादी फांदी तोडावयाची आहे, त्यानें दोन्ही करवतींच्या वाटेस न जातां माहीतगार माणूस बोलवावा. सुटे भाग ज्या दुकानांत मिळतात व ज्याला दुरुस्ती येते, त्याच्याकडूनच खरेदी करावी. शंभर रुपयांच्या भागासाठीं सहा हजारांचें यंत्र माळ्यावर पडून राहिलेलें मीं पाहिलें आहे.

येथवर पहिला भरंवसा झाला. दुसरा भरंवसा मात्र मालकाच्या हातीं थोडा व बनविणाराच्या हातीं फार असतो. पट्टीच्या टोंकाचा वरचा कोपरा लांकडाला लागला कीं सबंध करवत उसळून वर, चालविणाराच्या तोंडाकडे येते. हें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत घडतें. माणसाला सावरण्यास अवधि नसतो. त्या क्षणीं साखळी थांबविणारा ब्रेक हेंच एकटें रक्षण. म्हणून विकत घेण्यापूर्वीं दुकानदाराला करवत सुरू करावयास सांगावें, आणि चार गोष्टी पाहाव्या. एंजिन संथ चालत असतां साखळी स्थिर राहिली पाहिजे. वरचा खटका दाबल्यावांचून वेग वाढतां कामा नये. कागदासमोर करवत धरून वेग दिला असतां कागदावर तेलाचे थेंब उमटले पाहिजेत. आणि वेगांत असतां पुढची ढाल ढकलतांच साखळी तत्काळ थांबली पाहिजे. यांतील एकही गोष्ट चुकली, तर ती करवत फुकट मिळाली तरी घरीं आणूं नये.

शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, कानांना झांकण, पायांत जाड बूट, हा खर्च करवतीच्याच किंमतींत धरावा. वादळानें उपटलेल्या झाडाविषयीं एक विशेष सूचना : बुंधा कापून वेगळा होतांच मातीसकट उचलला गेलेला मुळांचा गड्डा एकाएकीं परत खड्ड्यांत बसूं शकतो. त्याच्या मागें किंवा खड्ड्यांत कोणासही, विशेषतः मुलांना, उभें राहूं देऊं नये. आणि एकट्यानें हें काम कधींही करूं नये.

तेव्हां, श्रोतेहो, स्वस्त करवत वाईट नव्हे. थोड्या कामासाठीं, मापानें तेल घालणाऱ्या व कानस चालवूं जाणणाऱ्या माणसाच्या हातीं ती वर्षानुवर्षें इमानानें राबते. ती सुरू झाली नाहीं, तर आपला एक दिवस जाईल, आणि गेलेला दिवस भरून काढतां येतो. ती थांबली नाहीं, तर जें जाईल तें कोणत्याही बाजारांत, कोणत्याही किंमतीला परत मिळत नाहीं. काटकसर करावी ती पहिल्या बाबतींत. दुसऱ्या बाबतींत एका पैचीही करूं नये.