नित्याच्या कामातील दक्षता



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी एखाद्या मोठ्या विषयावर बोलावे, असा आम्हांस आग्रह झाला होता. परंतु मुकुटबनास यावे आणि मुकुटबनची कपाशी सोडून भलत्याच गोष्टी सांगाव्या, हे आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून रोजच्या कामाविषयीच चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

“कष्ट करा” असा उपदेश करण्यास आम्ही आलो नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. माशाच्या पिलास पोहणे शिकवावे लागत नाही, तसे झरी जामणी तालुक्यातील माणसास कष्ट शिकवावे लागत नाहीत. ज्याचे पीक पावसाने नेले अथवा ज्याच्या मालाचा भाव बाजाराने पाडला, त्यास “तुझेच श्रम उणे पडले” असे म्हणणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय निर्दयपणाही आहे. कष्ट होतातच, ते कशासाठी होत आहेत, याचे भान काम करिताना राहते काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

वणीवरून पुढे गेले की वरोरा लागते. तेथे बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन करून आनंदवनाचा पाया घातला. जमीन खडकाळ, झाडोऱ्याने भरलेली. सोबतीस पत्नी साधनाताई, दोन लहान मुले आणि मोजके रोगी. झडलेल्या बोटांच्या हातांनी विहीर खणली गेली, भाजीपाला पिकला. तो वरोऱ्याच्या बाजारात मात्र प्रथम कोणी घेईना! पुढे परदेशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तेथलेच अन्न जेवले. तेव्हा कोठे गावकऱ्यांची भीती मोडली. त्या रोग्यांस भिक्षा कोठेही मिळाली असती. त्यांस आपल्या श्रमाचे अन्न हवे होते. म्हणून माल पडून राहिला तरी वाफे ओसाड पडले नाहीत.

आता घरचीच गोष्ट. 2017 साली पावसाळा सरता सरता आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय घडले, ते आपणांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. कपाशी त्या वर्षी पुरुषभर उंच वाढली होती. नळी वर धरून फवारावे, तर औषध उलट तोंडावर व छातीवर येई. हवा दमट, उकाडा असह्य. अंगात साधा सदरा, पाय अनवाणी, एकाच टाकीत दोन-तीन औषधे कालविलेली. शेकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले व सुमारे वीस जण दगावले. त्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने गेलेले मजूरही होते.

दोष केवळ फवारणाऱ्यांचा होता, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. औषध विकणाऱ्याने सांगावयाचे ते सांगितले काय? मजुरास मुखपट्टी व हातमोजे मालकाने दिले काय? बाटलीवरील मुंगीएवढी अक्षरे ज्यास वाचताच येत नाहीत, त्यास निष्काळजी ठरविणे सोपे आहे. परंतु अक्षर न येणाऱ्यासाठीही त्याच बाटलीवर एक खूण असते. चौकोन टोकावर उभा केलेला असून त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. (हिरवा दिसला म्हणून औषध अंगास लागले तरी चालेल, असा मात्र अर्थ कोणी काढू नये.) वारा पाठीशी ठेवून चालावे, उपाशीपोटी फवारू नये, तुंबलेली नळी तोंडाने फुंकू नये, फवारणीचे कपडे निराळे धुवावे. ही सांगण्यास अगदी क्षुल्लक कामे होत. पण फवारणी कपाशीसाठी, कपाशी घरासाठी. आणि घर ज्याच्यावर चालते तो माणूसच त्या पायी गेला, तर कापसाचे ते बोंड कोणासाठी वेचावयाचे?

गांभीर्य म्हणजे कपाळास आठ्या घालून बसणे नव्हे. 2022 साली मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. कारखान्यात काम करणारा तरुण डोक्यास टोप घालतो आणि त्यात त्यास काही भित्रेपणा वाटत नाही. तोच सुटीच्या दिवशी वडिलांच्या शेतात उघड्या तोंडाने पंप पाठीस लावतो, याचे आम्हांस नवल वाटते. दुसऱ्याच्या फाटकाआत जो जीव मोलाचा, तो आपल्या बांधावर स्वस्त कसा झाला?

आमचे भाषण लांबले. भोजनाची वेळ झाली आहे. मंडपाच्या दाराशी फळ्यावर आम्ही रंगीत खडूने ते चार त्रिकोण काढून ठेविले आहेत. मुलांनी पंगतीस बसण्यापूर्वी ते पाहून जावे, आणि घरी गेल्यावर कोठीतील बाटल्यांस हात न लावता त्यांवरचा रंग कोणता, हे आजोबांस वाचून दाखवावे.