महाधिवक्त्यांचा अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणी

गावाची वहिवाटीची पाणंद कोणी अडविली, ओढा कोणी नासविला, तर अशा सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दिवाणी दावा लावण्याचा अधिकार राज्याच्या महाधिवक्त्यांना आहे. पण प्रत्येक पाणंदीसाठी त्यांनी धावावे कसे? दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९३ अन्वये, मुंबईसारख्या इलाखा शहरांबाहेर हा अधिकार जिल्हाधिकारी अथवा शासनाने नेमलेला अधिकारीही वापरू शकतो. महाधिवक्त्यांचा मूळ अधिकार त्यामुळे संपत नाही. मात्र शासनाची मंजुरी दाव्यापूर्वीच हवी. घाईत नेमकी हीच बाब निसटण्याजोगी आहे. ग्रामस्थांना पूर्वी महाधिवक्त्यांची लेखी संमती लागे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर, स्वतःचे वेगळे नुकसान झालेले नसले तरी, दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने असा दावा लावू शकतात.