घर, ऑफिस आणि मधली एक खुर्ची
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी फ्लॅट घेताना आपण बिल्डरला काय विचारलं? पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, पीएमटीचा स्टॉप किती लांब. 'ऑफिसचं काम कुठे बसून करायचं?' हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. मार्च 2020 मध्ये ऑफिस घरात शिरलं आणि काही घरांतून ते अजून पुरतं गेलेलं नाही.

आमच्याच घराचं सांगते. मुलगा बेडरूममध्ये, सून डायनिंग टेबलापाशी. तिची मीटिंग लागली की मी मिक्सर लावत नाही, हे टीव्ही बंद करतात. तक्रार कोणाचीच नाही, पण घर दिवसभर कुजबुजत असतं. रोज ऑफिस गाठावं, तर हिंजवडीचं ट्रॅफिक!

यावर उपाय म्हणून बाणेर, खराडी, विमाननगर भागांत को-वर्किंगच्या जागा निघाल्या आहेत. टेबल-खुर्ची, वायफाय, वीज. पैसे दिवसाचे किंवा महिन्याचे. नाव नवीन, पण पुणेकरांना कल्पना नवीन नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आठवा. स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून तिथे खुर्ची धरतात. कॉट बेसिसच्या खोलीत जे जमत नाही, ते शेजारी चारजण वाचत असले की जमतं.

आता मुद्द्याचं बोलते. आपल्या हॉलमध्ये सकाळी योगवर्ग, संध्याकाळी भजनी मंडळ. मधे दिवसभर कुलूप. तो दहा ते साडेचार कामासाठी उघडावा, असं मला वाटतं.

शंका येणारच. वीजबिल कोण भरणार? वापरणाऱ्यांनी वर्गणी काढावी. बाहेरचे लोक येतील? प्रवेश फक्त इथे राहणाऱ्यांना, भाडेकरू धरून. फोनवर बोलायचं झालं तर बाहेर पॅसेजमध्ये. बारसं, साखरपुडा असेल त्या दिवशी सुट्टी. भजनाच्या वेळेला धक्का नको; मी स्वतः त्या मंडळात आहे.

'को-वर्किंग' या नावाची पहिली जागा 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या तरुणाने सुरू केली. तीही आठवड्यातून दोनच दिवस, आणि पहिला महिनाभर कोणी फिरकलंच नाही! तेव्हा आपणही मंगळवार आणि गुरुवार, असे तीन महिने करून बघू. वहीत नावं लिहू. कोणी आलं नाही, तर कुलूप आहेच.

हॉल सगळ्यांच्या पैशांतून बांधलाय, म्हणून निर्णयही सगळ्यांचाच हवा. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी कार्यकारिणीला विनंती. विरोध असेल त्यांनीही जरूर यावं, समोर बोलावं.