लग्नाच्या अर्जातला एक रकाना



शाळेच्या आठवणी माझ्याआधी सगळ्यांनी छान सांगितल्या. मी आपल्या अलिबागच्याच, पण दूर गेलेल्या माणसांबद्दल बोलते.

इस्राएल आळी आणि तिथलं सिनेगॉग आपण सगळ्यांनी पाहिलंय. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे बेने इस्राएल. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं आपल्याच गावांवरून पडलेली. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या काळात त्यांच्यातले हजारो लोक तिकडे गेले. इथे कुणी छळलं म्हणून नव्हे, तर आपल्या धर्माच्या देशात स्वतःच्या पायावर उभं राहायला. बीरशेबा, दिमोना, लोद अशा ठिकाणी त्यांनी संसार मांडले.

मुलंमुली तिथे वाढली, प्रेमात पडली आणि लग्नाच्या नोंदणीपाशी अडली. तिथे ज्यूंची लग्नं रब्बींच्या हातात. कोर्टात जाऊन लग्न करायची सोय नाही. बेने इस्राएलांशी लग्नाला मनाई नाही, असं १९६१ साली प्रमुख रब्बींच्या परिषदेने सांगितलं खरं. पण १९६२ च्या सूचनांनी त्याला शेपूट जोडलं. अर्जदार बेने इस्राएल असेल तर त्याची आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची चौकशी करा, म्हणे!

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोज फॉर्म बनवते. एखादा रकाना सक्तीचा केला, की तो भरता न येणारा माणूस तिथेच थांबतो. बाकी सगळं बरोबर असूनही. कोकणातल्या खेड्यात वारलेल्या पणजीचा कागद कुठून आणायचा? आणि हा रकाना इतरांच्या अर्जात नव्हता, तो फक्त यांच्यासाठी होता.

ही माणसं गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शनं केली, धरणं धरलं. बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, असं पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी संसदेत सांगितलं. ऑगस्टमध्ये संसदेने भेदभाव दूर करण्याचा ठराव केला आणि महिनाअखेरीस सूचनांमधून त्यांचं नाव निघालं. वंशाबद्दल शंका असेल तर चौकशी करायचा नियम राहिला. पण तो आता सगळ्यांनाच लागू झाला.

मला वाटतं, त्यांचं स्वातंत्र्य विमानातून उतरल्यावर पूर्ण झालं नव्हतं. आपलं माणूस आपण निवडायचा हक्क त्यांना तिथे भांडून मिळवावा लागला.

हे आज का सांगतेय? आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता विशी गाठतायत. उद्या माझी लेक घरी एखादं नाव सांगेल, तुमचा मुलगाही सांगेल. तेव्हा आपण आधी काय विचारणार? तो माणूस कसा आहे, हे? की त्याचं आडनाव, गाव, जात? तो रकाना आपल्या घरच्या फॉर्ममध्ये अजून आहे. तो काढायला संसद बसवावी लागत नाही. ते आपल्याच हातात आहे.