सरळ बोलण्याची लाज
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



बाप्पाच्या मांडवात हा विषय कशाला, असे काहींनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे. पण चित्रपट, मालिका आणि मोबाइलच्या वाटेने लैंगिकता बालाघाटातल्या आपल्या घरांत रोजच येते. तसे दृश्य लागले की आपण चॅनल बदलतो, नाहीतर पाणी प्यायला उठतो. मुले मात्र तिथेच बसलेली असतात.

आपली तऱ्हा पाहा. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांवर आपण पोट धरून हसलो. घरातल्या मुलाने शरीराविषयी साधा प्रश्न विचारला, की मात्र म्हणतो, "मोठा झालास की कळेल." आडून बोललेले चालते, सरळ बोललेले चालत नाही.

हे आजचे नाही. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. कामजीवन, संततिनियमन, गुप्तरोग यांविषयी वाचक प्रश्न विचारत आणि ते शास्त्रीय, सरळ उत्तरे देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी दंड झालाच. कर्वे थांबले नाहीत. १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी मासिक चालवले.

पुढे २०१३ मध्ये रवी जाधव यांचा 'बालक-पालक' आला. घरात उत्तर मिळाले नाही, म्हणून चाळीतली मुले कॅसेट आणून चोरून पाहतात. ते पाहताना आमच्या पिढीला आपलेच बालपण दिसले. आता तर कॅसेट आणायलाही जावे लागत नाही.

या मौनाची किंमत मोठी आहे. ज्या मुलाला आपल्या अवयवांची नावे उच्चारायचीच लाज शिकवली, त्याच्याशी कोणी गैर वागले तर ते सांगणार कोणत्या शब्दांत? २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ ही हेल्पलाइन आहे. पण मुलाने आधी घरी तोंड उघडायला हवे. दुसरे असे, की नायिका नको म्हणत असता नायक तिचा पिच्छा पुरवतो आणि शेवटी ती होकार देते, हे कितीतरी चित्रपटांत प्रेम म्हणून दाखवले जाते. 'नाही म्हणजे नाही' हे आपल्या मुलग्यांना आपण नाही तर कोण सांगणार?

म्हणून आमची विनंती एवढीच. पुढच्या वेळी तसे दृश्य लागले तर उठू नका. "हे बरोबर दाखवले का रे?" असे मुलांना विचारा. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू" म्हणा. सुरुवातीला जीभ अडखळेल, आमचीही अडखळली. पण बाप्पा बुद्धीची देवता आहे. त्याच्यासमोर शहाणपणाचे बोलायला कसली लाज?

गणपती बाप्पा मोरया!